पूर ओसरल्यावर कुत्र्याला घेऊन पहिल्यांदा रानात गेलात, तेव्हाचे अनुभव

पाणी उतरलं की माणसं घर धुवायला लागतात, पंचनाम्याची वाट बघत बसतात, आणि कुत्रं दाराशी बसून बघत असतं की आता तरी कुणी फिरायला नेतंय का. त्या पहिल्या फेरीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून हा धागा काढतेय. तुमच्याकडं महापूर आला असेल, ओढा फुटला असेल, चार दिवस नुसती धार लागली असेल, त्यानंतर कुत्र्याबरोबर बाहेर पडलात तेव्हा काय दिसलं, काय चुकलं ते लिहा. दोन ओळी असल्या तरी चालतील.

सुरुवात मी करते. आम्ही शिरोळ तालुक्यातले, कृष्णा-पंचगंगेच्या संगमापासून फार लांब नाही. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३ ची, तिकडचा आकडा ऐकूनच आमच्याकडं सामान माळ्यावर चढायला लागतं. खंड्याला आम्ही ट्रॉलीत म्हशींबरोबर घालून पाहुण्यांकडं नेलं होतं. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ, तो निम्मा काढून झाला आणि मोटार शिल्लक आहे का बघायला मी खंड्याला घेऊन पाणंदीनं मळ्याकडं निघाले. उसाची पानं राखेच्या रंगाची झालेली, कुजलेल्या उसाचा आंबूस वास नाकात बसणारा, आणि बाभळीच्या फांद्यांत माझ्या डोक्याच्या वर हातभर उंचीवर साड्या, पोती, एक शाळेचं दप्तर अडकलेलं. खंड्या एरवी पुढं पळून वळणावर माझी वाट बघत थांबणारा, त्या दिवशी पावलोपावली अडायला लागला. लाईटचा खांब, विहिरीचा कठडा, बांधाचा कोपरा, त्याच्या रोजच्या ठरलेल्या जागा. नाक लावायचा, मान वर करून माझ्याकडं बघायचा, परत नाक लावायचा. सगळीकडं एकच वास, गाळाचा. आमच्या घराच्या निदान भिंती तरी राहिल्या होत्या, त्याचं तर सगळं पुसून गेलं होतं. हे मला नंतर उमगलं, तेव्हा मात्र मोटारीची काळजी होती म्हणून मी त्याला ओढत नेलं, त्याचं आजही वाईट वाटतं. पहिल्या दिवशी साखळी सैल ठेवा आणि हुंगू द्या एवढंच माझं सांगणं आहे, कितीही वेळ लागू दे.

* * *

ताई, बरं झालं धागा काढलात. मी चिपळूणजवळच्या एका वाडीतला. २२ जुलै २०२१ काय होता ते आमच्याकडच्या कुणालाही वेगळं सांगायला नको, वाशिष्ठी आणि शिव दोन्ही एकदम बाजारपेठेत शिरल्या. आमची वाडी वरच्या अंगाला म्हणून घरं वाचली, पण पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, दगडी गडगे पाडले, आगरात दगडगोटे आणून टाकले. तिसऱ्या दिवशी जरा उघाडी मिळाली तसा मी सोनीला घेऊन पलीकडच्या वाडीत काकूंकडे तांदूळ पोचवायला निघालो. मध्ये आमचा साकव, म्हणजे पऱ्यावरचा छोटा पूल. दिसायला शाबूत. सोनी टुणटुण पलीकडे गेली आणि वळून शेपटी हलवत उभी राहिली. मी पाय टाकणार तेवढ्यात बाजूच्या काठावरून खाली बघितलं तर ज्या दगडी थरावर साकव टेकतो तो थरच आतून वाहून गेलेला, वरची फळी नुसती मातीच्या ओठावर. सोनी अठरा किलोची, मी ऐंशीचा, वर तांदूळ. "कुत्रं गेलं म्हणजे वाट चांगली आहे" असं आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात आणि एरवी ते खरंही असेल, पण पुरानंतर त्यावर विसंबू नका. तिला हाक मारून परत बोलावलं ना, ती येईपर्यंतचे ते चार क्षण मला अजून आठवतात. पुढे जाणाऱ्यांनी चुकून पाय टाकू नये म्हणून दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या टाकून ठेवल्या.

* * *

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे माझा अनुभव फिरण्यापेक्षा फिरून आल्यानंतरचा. पुरानंतर दोनेक आठवड्यांत अशी कुत्री यायला लागतात, खाणं बंद, उलट्या, लघवी गडद, डोळे आणि हिरड्या पिवळट. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. याचा जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतो, कातडीवरच्या बारीक जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून आत शिरतो, आणि आजारी कुत्र्याच्या लघवीतून घरच्या माणसांनाही होऊ शकतो. पिल्लू असताना दिलेली सेव्हन-इन-वन किंवा नाइन-इन-वन लस जन्मभर पुरते असं फार जण धरून चालतात. लेप्टोचा बूस्टर दरवर्षी लागतो हो, आणि तो पावसाळ्याच्या आधी. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, निघताना घरचं पाणी पाजून निघा. आल्यावर पाय स्वच्छ पाण्याने धुवून बोटांच्या मधली जागा फडक्याने कोरडी करा, तिथेच चिरा पडतात. आणि पुराच्या पाण्यातून तुम्ही स्वतः चालला असाल, नंतर ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, डोळे लाल झाले तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना पुरात फिरल्याचं आवर्जून सांगा, ते न सांगितल्यामुळे उपचाराला उशीर झालेला मी माझ्याच घरात बघितलाय.

अजून एक, वाहून आलेली मेलेली जनावरं. कुत्रं तिकडे धावणारच, त्याचा दोष नाही. जाळीचं मुसकं बांधून न्या, दोन आठवडे कुरकुर करेल, करू दे.

* * *

सांगलीकडून. आमच्याकडं कृष्णेत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण पुरानंतर त्या नदीतच असतील असं नाही हे विसरायला होतं. आमचं कारवान जातीचं कुत्रं, लांब पायाचं, मोकळं सोडलं की वाऱ्यासारखं जाणारं. नदीकडच्या मळीच्या रानात खड्ड्यात पाणी साचलं होतं, काठापासून चांगलं लांब, आणि त्याला तहान लागलेली म्हणून ते पाण्याकडं खेचत होतं. मी पट्टा सोडणारच होतो तर पायाशी ताज्या गाळावर एक गुळगुळीत पट्टा दिसला, पोतं ओढत नेल्यासारखा, हातभर रुंद, आणि दोन्ही बाजूला फाकलेली बोटं उमटलेली. तो माग सरळ पाण्यात गेलेला, बाहेर आलेला कुठंच नाही. कुत्र्याला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, ते अजून खेचतच होतं. मागच्या मागं फिरलो, वन विभागाला फोन केला, आणि शेजारच्या रानात गडी लागले होते त्यांना आधी जाऊन सांगितलं. मगरीला मारायला जाऊ नका, तीपण पुरानंच तिथं आणून टाकलेली असते.

* * *

वरच्या साकवाच्या अनुभवावरून आठवलं. मी इंग्लंडात ट्यूक्सबरीला राहते, इथे सेव्हर्न आणि एव्हन या दोन नद्या मिळतात. २००७ च्या जुलैतल्या पुराचा विषय इथले लोक अजून काढतात, चारी बाजूंनी पाणी आणि मध्ये ॲबी, म्हणजे इथलं जुनं मोठं चर्च, तो फोटो जगभर गेला होता. नदीकाठचं मोठं कुरण तर बहुतेक हिवाळ्यात पाण्याखाली जातं. आमचा लॅब्रॅडॉर, त्याला पाणी दिसलं की थांबवणं कठीण. एका फेब्रुवारीत शांत, आरशासारखं पाणी पसरलं होतं, मी त्याला पोहू दिलं आणि तो मध्येच केविलवाणा ओरडायला लागला. पाण्याखाली काटेरी तारेचं कुंपण होतं, खांबांची टोकं फक्त चार बोटं वर, ती मला वाळक्या काटक्या वाटली होती. नशीब की स्वतःच सुटून आला, छातीला सहा टाके पडले. आता ज्या शेताचा बांध-कुंपण मला पाण्याशिवाय पाठ नाही तिथे त्याला पाण्यात सोडतच नाही.

* * *

थोडक्यात लिहितो. पाणी चढलं की साप उंच जागा धरतात आणि उतरल्यावर तिथंच राहतात, म्हणजे बांध, कडब्याची गंज, विटांचा ढीग, आपण कोरडं म्हणून नेमके जिथून चालतो तिथं. बहुतेक वेळा दिवड किंवा धामण निघते, पण घोणस असली तर कुकरच्या शिट्टीआधी वाफ सुटते तसा आवाज येतो, तो ऐकला की कुत्र्याला जवळ ओढून आल्या पावली मागं. आणि लाईटच्या खांबापाशी, ताणाच्या तारेपाशी कुत्र्याला अजिबात जाऊ देऊ नका, खांबावर पाय वर करायची सवय असते आणि ओल्या जमिनीत करंट उतरलेला असतो. आमचा टिकू असाच गेला. जास्त लिहवत नाही.

* * *

टिकूबद्दल वाचून गलबलून आलं दादा.

ताई, एक विचारायचं होतं, तुमच्या खंड्याला त्याच्या जागा परत सापडल्या का? आमची पण सध्या अशीच भांबावलीय, घराबाहेर दहा पावलं जाऊन परत येते.

* * *

सापडल्या, पण आठवडा-दीड आठवडा गेला. तिला घाई करू नका, दहा पावलं तर दहा, उद्या बारा जाईल.

आमच्या आणि शेजारच्या काकांच्या रानाच्या मध्ये हद्दीचा दगड होता, तो गाळात कुठं गेला कळेना. काका म्हणायचे ह्या चिंचेपासून सात पावलं, आमचे सासरे म्हणायचे नऊ, दोघांची तोंडं फिरलेली. एका सकाळी खंड्या आमच्याबरोबर तिथून चालला होता, मध्येच थांबला, एकाच जागी बराच वेळ हुंगत राहिला आणि पुढच्या पायांनी उकरायला लागला. वीतभर गाळ गेल्यावर नख दगडावर घासल्याचा आवाज आला. काकांनी खुरपं आणून कडा मोकळ्या केल्या, वरचा जुना चुन्याचा पांढरा डाग दिसल्यावर दोघंही काही बोलले नाहीत. खंड्यानं दगड एकदा नीट हुंगला, पाय वर केला, आणि पाणंदीनं पुढं पळत जाऊन वळणावर माझी वाट बघत थांबला.