मीटर ऐकतं, पण आपलं बोलणं नाही

टीव्हीवर कोण काय बघतं हे मोजायला काही घरांत मीटर बसवतात. ‘ते मीटर घरातलं बोलणंही ऐकतं’ अशी शंका काही जण घेतात, ती मला पटत नाही. २०१५ पासून बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेची आकडेवारी येते, तिचं तंत्र असं: वाहिनी आपल्या आवाजातच कानाला न कळणारी खूण मिसळते आणि मीटर तेवढीच ओळखतं. आपल्या गप्पांत ती खूण नसते, मग ऐकून करणार काय?

खरी गोम बटणात आहे. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या एका नात्यातल्या घरी (गाव सांगत नाही, अशी घरं गुप्त ठेवायची असतात) मीटर होतं. रिमोटवर प्रत्येक माणसाचं वेगळं बटण. टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. आजोबा बातम्या लावून घोरत पडायचे, बटण चालूच. आणि आत्या चुलीपुढे कळण्याच्या भाकरी थापत मालिकेचा शब्द न् शब्द ऐकायची, पण म्हणायची, “मी कसाले दाबू बटन? मी कुठे बसेल शे?” म्हणजे हिशोबात आजोबा जागे आणि आत्या गायब! नातवंडं तर मोबाइलवर, ती या मोजणीत नाहीतच.