मदत हवी आहे: रिफॅम्पिसिन दिलेल्या टीबीच्या जिवाणूत रेफरन्स जीनच खाली जातोय, क्यूपीसीआर (जीनचा आरएनए किती ते मोजायची पद्धत) कशावर नॉर्मलाइज करू, म्हणजे कशाच्या तुलनेत मोजू?

नमस्कार मंडळी, इथे मायक्रो-बायोटेकवाले बरेच आहेत म्हणून विचारतेय. एमएससीचा प्रोजेक्ट आहे, औषध दिल्यावर टीबीच्या जिवाणूचे कुठले जीन वर जातात नि कुठले खाली येतात ते मोजायचं. बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीची सुरक्षित लॅब) नाही म्हणून एच३७आरए हा रोग न करणारा स्ट्रेन घेतलाय. एकाचे दोन व्हायलाच याला जवळपास दिवस लागतो, फ्लास्क तयार होईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात आणि सबमिशनला उरलाय दीड महिना, म्हणजे फार तर एकदाच परत करता येईल.

तीन फ्लास्क होते, एक तसाच, एकात आयसोनियाझिड, एकात रिफॅम्पिसिन. चार तासांनी काढले, पंधरा मिनिटं सेंट्रिफ्यूज, मग ट्रायझॉल (आरएनए काढायचं द्रावण) आणि बीड बीटर (मण्यांनी पेशी फोडणारं यंत्र; ती मेणचट भिंत नुसत्या ट्रायझॉलला दाद देत नाही), दोनदा डीएनेज (उरलेला डीएनए काढायला), प्रत्येकातून ५०० नॅनोग्रॅम आरएनए घेऊन सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत). रेफरन्स, म्हणजे औषधाने बदलू नये असा तुलनेचा जीन, सिगए.

आयसोनियाझिडचं छान आलं, इनीबी या जीनची सीटी (सिग्नल दिसायला लागतो ती सायकल, कमी म्हणजे आरएनए जास्त) २८ वरून २२ वर आणि सिगए जागच्या जागी २१. भिंतीवर घाव बसला की इनीबी वर जातो हे माहीतच आहे, तेच दिसलं. पण रिफॅम्पिसिनमध्ये सिगएच २१ वरून २५! जेलवर २३एस, १६एसचे (रायबोसोमच्या आरएनएचे) पट्टे एकदम स्वच्छ, मायनस आरटीत (सीडीएनए बनवणारं एन्झाइम न घातलेल्या ट्यूबमध्ये) काही नाही. कॅटजी हा दुसरा जीन एकच सायकल पुढे सरकलाय, म्हणजे डेल्टा डेल्टा सीटी (सिगएच्या तुलनेत काढायचं गणित) लावलं की तो आठपट वाढलेला दिसतो. मॅम म्हणाल्या १६एसवर लाव, तर सगळेच जीन खाली. माझ्या मावशीने या गोळ्या सहा महिने घेतल्यात, मला खोटा ग्राफ छापायचा नाहीये. खरं कुठलं धरू?

प्रतिसाद: ताई, तुझ्या हाताची चूक नाहीये. रिफॅम्पिसिन आरएनए पॉलिमरेजलाच धरतं, नवा आरएनए बनायचा थांबतो, जुना एमआरएनए (प्रथिन बनवायला जीनवरून निघालेली प्रत) तुटत जातो पण रायबोसोमचा टिकून राहतो. तुझ्या ५०० नॅनोग्रॅममध्ये बहुतेक तोच, म्हणून वजन सारखं दिसतं आणि आतला एमआरएनए घटलेला असतो. सिगए पण एमआरएनएच ना, तोही घटला. कॅटजी वाढलेला नाही, सिगएपेक्षा हळू घटलाय इतकंच. त्यामुळे मॅमचं उत्तर खऱ्याच्या जास्त जवळ आहे.

पुढच्या वेळी ल्युसिफरेजचा (काजव्याच्या, या जिवाणूत नसलेल्या जीनचा) आरएनए मोजून ट्रायझॉलसोबतच टाक, प्रत्येक ट्यूबला तेवढाच, पेशीही ओडी (कल्चरचा गढूळपणा) बघून सारख्या घे, आणि त्यावर नॉर्मलाइज कर. दुसरं म्हणजे ते सेंट्रिफ्यूज. टीबीच्या एमआरएनएचं सरासरी हाफ लाइफ (निम्मा तुटायला लागणारा वेळ) साधारण साडेनऊ मिनिटं आहे, तुझी पंधरा मिनिटं तिथेच गेली. फ्लास्कमधून काढल्या काढल्या चारपट ग्वानिडिन थायोसायनेट (आरएनए तुटणं तिथेच थांबवणारं रसायन) ओत आणि मगच फिरव. डोस एमआयसीच्या (वाढ थांबवणाऱ्या किमान मात्रेच्या) खाली ठेवून एक फ्लास्क जास्तीचा लाव, तिथे ट्रान्सक्रिप्शन (नवा आरएनए बनणं) चालू असतं त्यामुळे जिवाणू स्वतःहून काय बदलतो ते दिसेल.

धागाकर्ती: खूप खूप आभार, दोन रात्री डोकं फिरलं होतं. जुना आरएनए मायनस ऐंशीला आहे, त्यात आता ल्युसिफरेज टाकलं तर चालेल का?

प्रतिसाद: नाही, त्याने फक्त सीडीएनए बनतानाचा फरक कळेल, पेशीमागे किती होता ते नाही. आयसोनियाझिडचा डेटा ठेव, रिफॅम्पिसिन नव्याने कर. इनॉक्युलेशन उद्याच टाक, दिवस कमी आहेत.