दुबईच्या मंडळाची वाळवंट सहल: उंट किती, जीप किती?

प्रेषक: सहल समिती
विषय: वाळवंट सहल, शनिवार ६ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

दिवाळीचा कार्यक्रम छान झाला, आता थंडी पडली की वाळवंटात जाऊ असं गेल्या सभेत ठरलं होतं. राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत बरेच जण ओमानला किंवा घरी जाणार, म्हणून त्यानंतरचा शनिवार धरला आहे. दत्तजयंती गुरुवारी आहे, तीही आड येत नाही.

दुपारी तीनला करामा आणि अल नहदा इथून गाड्या निघतील. लाहबाबच्या लाल टेकड्यांवर पाऊण तास ड्यून बॅशिंग (जीपने वाळूच्या टेकड्यांवरून उड्या), मग कॅम्प. तिथे उंटाची सवारी, सूर्यास्त, मेंदी, तनुरा नाच (घेरदार झग्यातल्या गिरक्यांचा), बार्बेक्यू जेवण. रात्री साडेनऊपर्यंत घरी. माणशी १५० दिरहम. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे नाहीत. गुरुवारपर्यंत नावं कळवा.

सहल समिती

—

प्रेषक: अल नहदाहून एक सभासद
विषय: उत्तर: वाळवंट सहल

नमस्कार,

आम्ही दोघं, मुलगी आणि साताऱ्याहून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांचं बायपास झालंय, सासूबाईंचा उजवा गुडघा दुखतो. पण उंटावर बसायचंच असं त्या विमानातून उतरल्यापासून म्हणतायत. त्यांना जमेल का? आणि जेवणात शाकाहारी नक्की काय असतं? मागे एकदा दुसऱ्या ग्रुपबरोबर गेलो तेव्हा 'व्हेज आहे' असं सांगून सॅलड आणि पाव पुढे केला होता.

—

प्रेषक: सिलिकॉन ओएसिसहून नवीन सभासद
विषय: उत्तर: उत्तर: वाळवंट सहल

आम्ही दोघं येणार. एक शंका. उंटाची सवारी म्हणजे किती वेळ? पत्रकावर सगळीकडे उंटांच्या काफिल्याचाच फोटो आहे म्हणून विचारतो.

—

प्रेषक: करामाचे काका
विषय: उत्तर: उत्तर: वाळवंट सहल

समितीस आणि सर्वांस,

उंटावरून शेळ्या हाकतोय असं कुणी म्हणायच्या आत सांगतो, मीही येणार आहे.

आमच्या नवीन सभासदाने अगदी बरोबर जागी बोट ठेवलं. १५० दिरहमच्या सहलीत उंट असतो कॅम्पच्या दाराशी. दोन-तीन उंट बसवलेले, पुढे आपली रांग. आपला नंबर लागला की उंट उठतो, पार्किंगच्या कडेने एक चक्कर मारतो आणि बसतो. चक्कर संपेपर्यंत फोनमधला कॅमेरासुद्धा उघडून होत नाही. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी ही चक्कर घडवून आणली आहे आणि प्रत्येकाने परतताना विचारलं आहे, 'एवढंच?'

वेळेचं गणितही बघा. ६ तारखेला सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास. तीनला निघून, सगळ्यांना घेऊन, टायरमधली हवा कमी करायला थांबून, त्यात पाऊण तास टेकड्यांवर उड्या मारून आपण कॅम्पला पोचणार सूर्य टेकायच्या बेताला. त्याच वेळी तिथे उतरलेल्या सगळ्या गाड्यांची माणसं उंटाच्या रांगेत. सूर्य पाठीमागे मावळतो आणि आपण पुढच्याची पाठ बघत उभे. शिवाय इथला सूर्य क्षितिजापर्यंत जाईलच असं नाही. हवेत धूळ असेल तर दोन बोटं वरच तांबूस होऊन विरघळतो. पाच मिनिटं उशीर झाला की गेला.

दुसऱ्या प्रकारची सहल असते, तिला खरी उंटाची सहल म्हणावं. दुबई–अल ऐन रस्त्याला 'दुबई डेझर्ट कन्झर्व्हेशन रिझर्व्ह' हे राखीव वाळवंट आहे. २००३ सालचं, २२५ चौरस किलोमीटर, म्हणजे दुबई अमिरातीचा जवळजवळ वीस हिश्श्यांतला एक. तिथे मोजक्याच कंपन्यांना परवानगी आहे. लवकर पोचायचं, उंटांच्या रांगेतून सुमारे तासभर सावकाश जायचं, एका टेकडीपाशी उतरून सूर्यास्त बघायचा आणि मग जेवणाला. नशिबात असलं तर वाटेत ओरिक्स दिसतात, हरणासारखे, पांढरे, सरळ लांब शिंगांचे. १९७२ साली हा प्राणी मोकळ्या रानातून पार संपला होता. पाळीव ठेवलेल्या कळपांतून वाढवून परत सोडलेले आहेत हे. चाळीस माणसांचा गलका असेल तर मात्र दिसायचे नाहीत. आपल्या मंडळाचा इतिहास पाहता मी फार आशा ठेवत नाही.

आता साताऱ्याच्या वहिनींचा गुडघा. उंट चालताना त्रास नाही, त्रास आहे तो उठताना. उंट आधी मागचे पाय उचलतो. आपण एकदम तोंडावर पुढे जातो, समोर फक्त मान आणि वाळू दिसते. मग पुढचे पाय सरळ होतात आणि आपण तितक्याच जोरात मागे. म्हणून उठताना अंग मागे रेलायचं आणि खोगिराची मूठ दोन्ही हातांनी धरायची. बसताना पुन्हा तेच, कारण तेव्हा आधी पुढचे गुडघे टेकतात. उंटवाला 'पीछे, पीछे' ओरडतो ते याच्यासाठी. एकदा उभा राहिला की एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत चालतो, त्यामुळे अंग डावी-उजवीकडे झुलतं. तेव्हा कंबर ताठ धरू नये, झुलू द्यावी. मांड्या आखडतात त्या दुसऱ्या दिवशी. रिकिबी बहुतेक ठिकाणी नसतात, गुडघा लोंबता राहतो, तो दुखरा असेल तर तासाभराने जाणवतोच. वहिनींना पंधरा-वीस मिनिटं बसवावं, मग गाडीने पुढे न्यावं. आधी सांगितलं तर तशी सोय करतात.

ड्यून बॅशिंग मात्र तुमच्या सासऱ्यांना नको, त्यात मीठमसाला लावायची गरज नाही. हृदयविकार, पाठीचं दुखणं, गरोदरपण यांपैकी काही असेल तर कंपन्याच बसवत नाहीत.

कपड्यांबद्दल: सहावारी नेसून उंटावर बसायला जाऊ नका. नऊवारी उत्तम चालेल. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, टांग टाकायचं वस्त्र आहे ते. बाकीच्यांनी सलवार किंवा पँट.

— करामाचे काका

—

प्रेषक: खजिनदार
विषय: उत्तर: वाळवंट सहल

काका, सगळं पटलं. पण रिझर्व्हमधल्या सहलीचे दर १५० नाहीत, दुपटीच्या पुढे जातात. गणपतीचा हिशोब अजून सगळ्यांनी चुकता केलेला नाही (ज्यांनी नाही केला त्यांना माहीत आहे). वर्गणीतून एक दिरहमही देता येणार नाही.

—

प्रेषक: मिर्दिफहून एक सभासद
विषय: उत्तर: वाळवंट सहल (उंटांबद्दल)

मला एक बोलायचंय. आपण मंडळ म्हणून प्राण्यांच्या पाठीवर बसून करमणूक करायची का? मुलं शाळेत शिकून येतात आणि आम्हालाच विचारतात. मी जेवायला येईन, उंटावर बसणार नाही.

—

प्रेषक: शारजाहून पशुवैद्य
विषय: उत्तर: वाळवंट सहल (उंटांबद्दल)

न बसण्याचा निर्णय ज्याचा त्याचा. बसणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवले तर निम्मं काम होतं, म्हणून हे लिहिते.

उंटाजवळ गेल्यावर आधी वशिंड बघा. त्यात पाणी नसतं, चरबी असते. पोटभर खाणाऱ्या उंटाचं वशिंड टणक, उभं असतं. एका बाजूला लुळं पडलेलं असेल तर तो उंट अंगावरची शिल्लक खातोय. मग खोगिराच्या कडेला केस झडलेत का, कातडं सोललंय का ते बघा. छातीखाली आणि गुडघ्यांवर जाड काळपट घट्टे दिसतील, ते जखमेचे नव्हेत, जन्मजात बसायच्या गाद्या आहेत. त्यांच्यावर भार देऊन तो तापलेल्या वाळूपासून पोट उचलून धरतो. तिथे रक्त किंवा चीर दिसली तर मात्र त्या उंटावर बसू नका आणि उंटवाल्याला तसं सांगा. त्यांच्यातले बरेच पाकिस्तानी किंवा बांगलादेशी असतात, हिंदी कळतं. सवारी नसताना उंट सावलीत आहे का, पाण्याचं टाकं जवळ आहे का, हेही बघावं. तहानलेला उंट दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पिऊन जातो, त्यामुळे बादलीभर पाणी ठेवून भागत नाही.

इथल्या उंटांच्या तोंडाला मोरकी असते. राजस्थानात नाकात लाकडी खुंटी टोचून दोरी बांधतात, ते इथे सहसा दिसत नाही. तोंडाला जाळी बांधलेली दिसली तर घाबरू नका, ती चावू नये म्हणून असते. उंट पुढच्याच्या खोगिराचे गोंडेसुद्धा चावून खातो.

मिर्दिफच्या ताईंच्या मुलांना हेही सांगा की इथे शर्यतीच्या उंटांवर पूर्वी लहान मुलं बसवत. २००५ पासून ते बंद झालं आणि आता पाठीवर छोटे यंत्रमानव असतात, मालक बाजूच्या रस्त्यावरून गाडीत बसून रिमोटने चालवतात. अल मरमूमच्या शर्यतीच्या मैदानावर हिवाळ्यात सकाळी जाऊन बघता येतं.

आणि हात. उंटाला हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना काही खायला देऊ नका, तोंडाजवळ जाऊन पापे घ्यायचे नाहीत. मर्स नावाचा, श्वसनाचा आजार करणारा विषाणू उंटांकडून माणसाकडे येतो. कुणी कौतुकाने धारोष्ण दूध दिलं तर नको म्हणा. दुकानातलं पाश्चराइज्ड चालतं.

—

प्रेषक: अल नहदाहून एक सभासद
विषय: उत्तर: वाळवंट सहल

खूप आभार. सासूबाईंना मेल वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, नऊवारी आणलेलीच आहे. सासरे म्हणाले, पेशव्यांचे सांडणीस्वार काय बायपास न होता जायचे का? म्हणजे काय ते मलाही कळलं नाही, पण ते येणार आहेत. जेवणाचं कुणी सांगेल का?

—

प्रेषक: बर दुबईच्या काकू
विषय: उत्तर: वाळवंट सहल (जेवण)

मी सांगते. हमुस (काबुली चण्याची चटणी), मुतब्बल (वांग्याचं भरीतच, तिळाच्या लगद्यातलं), ताब्बुले आणि फत्तूश ही सॅलडं, फलाफल (चण्याचे वडे) एवढं बहुतेक ठिकाणी असतं, आणि आपल्या लोकांसाठी डाळ, भात, एखादी पनीरची भाजी. एक लक्षात ठेवा, हरीस घेऊ नका. दिसायला गव्हाच्या खिरीसारखं, पण त्यात मांस शिजवून घोटलेलं असतं. लग्नात एका बाईंनी गोड समजून वाटी भरून घेतलेली मी पाहिली आहे. शेगडीवर पनीर आणि मका चिकनच्याच जाळीवर भाजतात, वेगळी जाळी मागितली तर देतात, पण मागावी लागते आणि आधी मागावी लागते. गोड म्हणून लुगैमात येतात. पिठाचे तळलेले गोळे, वरून खजुराचा पाक. गरम असतानाच खा.

सुरुवातीला गाहवा म्हणजे अरबी कॉफी देतील, फिकट, वेलदोड्याची, बिनसाखरेची. कप उजव्या हातात घ्यायचा. रिकामा नुसता परत दिला की पुन्हा भरतात, पुरे असेल तर कप हलवायचा. आमच्या ह्यांना हे ठाऊक नव्हतं, रात्रभर जागे होते.

ड्यून बॅशिंगला जाणाऱ्यांनी दुपारी पोटभर वरण-भात जेवून येऊ नये. आलेपाक मी आणते.

—

प्रेषक: करामाचे काका
विषय: उत्तर: वाळवंट सहल

एक राहिलंच. रिझर्व्हमध्ये गाफची झाडं दिसतील. आपली शमी ती हीच, राजस्थानातली खेजडी. २००८ साली इथलं राष्ट्रीय वृक्ष म्हणून जाहीर झालं. दसऱ्याला मंडळात पूजेला शमी मिळत नाही म्हणून कुणीतरी फांदी मोडून आणेल, मी नावं घेत नाही. तोडायला मनाई आहे. नमस्कार करा आणि पुढे चला.

—

प्रेषक: सहल समिती
विषय: सुधारित: वाळवंट सहल, शनिवार ६ डिसेंबर

मंडळी,

काल फोनवर दोन तास डोकं लावलं. ठरलं ते असं.

सहल रिझर्व्हमधली उंटाची. ड्यून बॅशिंग रद्द. तरुण मंडळींनी कुरकुर केली आहे, त्यांच्यासाठी फेब्रुवारीत लाहबाबची वेगळी सहल काढू, तीत आई-बाबांना आणू नये. माणशी ३२५ दिरहम, मंडळाच्या खात्यातून काही नाही, खजिनदारांना शांत झोप लागो. उंटावर बसायचं नाही त्यांना तोच रस्ता गाडीतून, ५० दिरहम कमी. मिर्दिफच्या ताईंचं नाव तिकडे टाकलं आहे.

निघायची वेळ दुपारी दोन. दोन म्हणजे दोन, गाडी फाटकाशी थांबणार नाही. चारच्या आधी उंटांपाशी पोचलो तरच सूर्यास्ताला टेकडीवर असू. साताऱ्याच्या आजींना पहिला टप्पा उंट, पुढे गाडी, कंपनीशी बोलणं झालं आहे. शाकाहारींसाठी वेगळी जाळी लेखी मागितली आहे. जैन जेवण हवं असेल तर नावापुढे लिहा. रात्री पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतं, मुलांना स्वेटर. बंद बूट घातलेत तर वाळू घेऊनच घरी याल, मागे पट्टा असलेल्या चपला बऱ्या. पौर्णिमा नुकतीच झालेली असेल, सातच्या सुमारास चंद्र वर येईल, त्यामुळे तारे दाखवायला दुर्बीण आणू नका. स्पीकर आणायचा नाही, हे विशेषतः गेल्या पिकनिकच्या अंताक्षरी गटाला.

उंटांची जुळणी करायला प्रत्येकाचं वजन लागतं. ते कृपया यादीवर सर्वांना न पाठवता फक्त समितीला पाठवा. सकाळपासून तिघांनी सर्वांना पाठवलं आहे.

सहल समिती

—

प्रेषक: बर दुबईच्या काकू
विषय: उत्तर: सुधारित: वाळवंट सहल

आम्ही दोघं. ह्यांचं ८४, माझं तुम्हीच अंदाजाने लिहा.