दुसरा गाल पुढे करणारे भित्रे?

रामबागकर:
परवा इथे कोणीतरी लिहिलं की ख्रिस्ती धर्माची नम्रता म्हणजे हरलेल्यांचं समाधान, होळकरांच्या इंदुरातल्या मराठी माणसाला ती शोभत नाही. वाचून डोकं भणाणलं. इंदुरात राहता आणि सिस्टर राणी मारिया माहीत नाही? केरळातून आलेली ही बाई उदयनगरकडच्या आदिवासींना सावकाराच्या तावडीतून सोडवत होती. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरला येणाऱ्या बसमध्ये तिला भोसकून मारलं. पुढे तिच्या सख्ख्या बहिणीने, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. २००६ मध्ये तो सुटला, तेही या घराने माफ केलं म्हणून. बहिणीचा जीव घेतलेल्या मनगटाला राखी बांधून बघा, मग दुबळं कोण ते बोलू.

छत्रीबागवाले:
लिहिणारा मीच. राखीला हिंमत लागते, मान्य. पण १८१७ ला महिदपूरवर तोफा घेऊन कोण आलं होतं? रविवारी चर्चमध्ये नम्रता ऐकणारेच ना? मंदसौरच्या तहात होळकरांचा मुलूख गेला, तेव्हा कोणी गाल पुढे केला नाही.

रामबागकर:
महिदपूरला कंपनीची फौज आली होती, येशू नव्हे. आणि एकनाथांवर एक जण पुन्हा पुन्हा थुंकला, नाथ पुन्हा पुन्हा गोदेवर स्नानाला गेले, ही गोष्ट नातवंडांना तुम्हीही सांगत असाल. तेव्हा नाथ भित्रे ठरत नाहीत!

जुनी_इंदूरकर:
नम्रतेचं राहू द्या. कॉन्व्हेंटच्या नादात आपल्या पोरांचं मराठी गेलं, त्यावर बोला. माझा नातू मला ‘दादी’ म्हणतो.

सुदामानगरची सून:
आजी, तो धागा वेगळा काढा. मला रामबागकर काकांना विचारायचंय. हा त्याग नेहमी बाईनेच का करायचा? माझ्या मैत्रिणीचा नवरा तिला मारायचा. प्रार्थनेला गेली तर तिथल्या एका वडीलधाऱ्याने सांगितलं, “तुझा क्रूस उचल, प्रेमाने जिंक.” तिने वर्षानुवर्षं उचलला. डावा कान गेला तिचा. आजही बोलताना मान वळवून उजवा कान पुढे करते. आमच्यात हेच ‘सोसशील तर तरशील’ म्हणून सांगतात, म्हणजे फक्त तुमचाच धर्म असं नाही.

छत्रीबागवाले:
बघा! मी हेच म्हणत होतो.

सुदामानगरची सून:
नाही काका, तुम्ही तलवारीचं म्हणत होतात. तलवारवाल्या घरांतही बायका मारच खातात.

नगरची लेक:
मी ख्रिस्ती, माहेर नगरकडचं, आता इंदुरात. ताई, त्या वडीलधाऱ्यावर माझा संताप होतोय. महायाजकासमोर शिपायाने तोंडात मारली तेव्हा येशूने गाल पुढे केला नाही, सरळ विचारलं, मला का मारतोस? योहानात लिहिलंय, त्याला ते माहीत नसेल असं होणार नाही. पाय धुतले ते गुरूने शिष्यांचे, धरून देणाऱ्या यहूदाचेसुद्धा. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे फादर परातीपुढे गुडघे टेकतात. एकदा रस्ते झाडणारे एक आजोबा बसले होते. भेगाळलेल्या टाचा, त्यात डांबर रुतलेलं. ते पाय ओढून घेत होते आणि फादर सोडत नव्हते. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याने वाकायचं. पंडिता रमाबाई दुष्काळातल्या मुलींना मध्य प्रांतातून केडगावला घेऊन गेल्या, त्यांची सेवा केली. पण श्रद्धेच्या प्रश्नावर इंग्लंडच्या सिस्टरांपुढे मान तुकवली नाही. राणी मारियाही सावकारांपुढे कुठे गप्प बसली?

छत्रीबागवाले:
हे असं असेल तर माझी हरकत कमी होते. पण तुमचे किती लोक हे असं सांगतात?

नगरची लेक:
कमी सांगतात. ते मी नाकारत नाही.

रामबागकर:
पण बायांनो, राणी मारियाच्या बहिणीवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. तिची माफी यात ओढू नका.

सुदामानगरची सून:
ओढत नाहीये. तिचा मारेकरी जन्मठेप भोगत होता, तेव्हा ती राखी घेऊन गेली. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला कोणी एक शब्द बोललं नाही. क्रूस तिच्या हातात दिला, पायाशी बसायला त्याला का नाही सांगितलं?

नगरची लेक:
सांगायलाच हवं होतं. ताई, तिला माझ्याकडे घेऊन या. त्या वडीलधाऱ्याकडे मीही तुमच्याबरोबर येते.