देणगी कुणाच्या खात्यात?

ए-103, काकू: नाताळानिमित्त अनाथ मुलांसाठी एका ख्रिस्ती संस्थेचा मेसेज आलाय, सोबत क्यूआर कोड. 5000 द्यायचं मनात आहे. कुणाला माहितीय का ही संस्था?

बी-201: राहू द्या काकू. मिशनवाले धर्मांतरासाठी पैसे गोळा करायलेत.

सी-302, ताई: दादा, सरसकट असं नका म्हणू. आपल्या बीडशेजारी जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्यानं 1970 पासून गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेवा उभी केली. 1979 ला मॅगसेसे मिळाला. पण त्यांचं नाव चांगलं म्हणून दुसऱ्या कुणाला डोळे झाकून द्यायचं, असंही नाही. देवस्थानाच्या ट्रस्टला जे विचारतो तेच इथं विचारायचं.

काकू, तो कोड मी स्कॅन केला. ट्रस्टचं नाव नाही, एका माणसाचं नाव दाखवायलंय. थांबा. नोंदणी क्रमांक मागा. धर्मादाय ऑफिसातून शेड्युल एकचा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा निघतो, त्यात विश्वस्तांची नावं असतात.

आणि मुलं ठेवत असतील तर नुसती ट्रस्टची नोंदणी पुरत नाही. बाल न्याय कायदा 2015 खाली बालगृहाची वेगळी नोंदणी लागते. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. पैसे गेले तर गेले, ती लेकरं कुणाच्या भरवशावर आहेत?

ए-103, काकू: 80जीची, म्हणजे इन्कम टॅक्समध्ये सूट मिळायची पावती देतो म्हणाले.

सी-302, ताई: तो नंबर इन्कम टॅक्सच्या साइटवर बघता येतो. 2000 च्या वर रोख दिलं तर सूट नाही, नव्या करप्रणालीत तर ती सूटच नाही.

डी-101, काका: मी चर्चला जाणारा माणूस, म्हणून सांगतो. पाळकाला हिशेब विचारणं यात काही गैर नाही, आमची मंडळी दरवर्षी विचारते. कुणी एफसीआरए दाखवलं तर तो परदेशी पैसा घ्यायचा परवाना आहे. तुमच्या देणगीला त्याची गरज नाही.

बी-201: क्रमांक द्या, धर्मादाय ऑफिसात माझ्या ओळखीचे वकील आहेत. उतारा काढून आणतो.

ए-103, काकू: मागितला. “आधी देणगी टाका, मग कागद” म्हणायलेत.

सी-302, ताई: मग एक रुपया नको. पत्ता मात्र जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. तिथं खरंच मुलं असतील तर बघायला पाहिजे.

डी-101, काका: सोमवारी मी कक्षात जातो. नोंदणी असलेल्या बालगृहांची नावंही विचारून घेतो. काकू, तुमचे पैसे तिथं देऊ, चेकनं, संस्थेच्या नावावर.