जीमॅट वर्बल: 'रोज इंग्रजी पेपर वाचा' हा सल्ला आता तरी बंद करा

तर्कट
एमबीए प्रवेशाच्या जीमॅट परीक्षेत वर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्काचा विभाग, कमाल गुण ९०) ७६-७७ वर अडकलं की सल्ला ठरलेला: रोज इंग्रजी अग्रलेख वाचा, शब्दांच्या याद्या पाठ करा. जुनी जीमॅट ३१ जानेवारी २०२४ला संपली आणि वाक्यदुरुस्तीचे प्रश्न तिच्याबरोबर गेले. आता ४५ मिनिटांत २३ प्रश्न, आणि प्रकार दोनच: उताऱ्यावरचे (आरसी) आणि युक्तिवादाचे (सीआर). गाळलेल्या जागी अवघड शब्द भरायचा असेल तर जीआरई द्या, इथे तो प्रकारच नाही. तरी जुन्या क्लासच्या नोट्स अजून फिरतायत आणि मुलं वाक्प्रचार घोकतायत.

माझं मत: परीक्षेआधीचे दोन महिने अवांतर वाचन बंद. फक्त अधिकृत प्रश्न (परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच काढलेले), दिवसाला १०-१२च, पण प्रत्येकाची चिरफाड. वहीत 'उत्तर सी, मी बी केलं' लिहिणं म्हणजे शाई वाया घालवणं. चुकीचा पर्याय का आवडला, तो नेमका कोणत्या शब्दापाशी मोडतो, आणि बरोबर पर्याय कोणत्या कारणाने उडवला, हे तीन रकाने हवेत. २५-३० चुका झाल्या की दिसतं, घसरण्याच्या जागा तीन-चारच असतात.

वाचनवेडा
साफ असहमत. २३ पैकी निम्म्याहून जास्त प्रश्न बहुतेक वेळा आरसीचे असतात. ज्याला ३०० शब्दांचा उतारा वाचायला पाच मिनिटं लागतात, त्याची वही काय करणार? चुका तर्काच्या नसतातच, धापा टाकत वाचल्याच्या असतात.

अग्रलेख मात्र मीही सांगणार नाही. तिथे लेखकाचं मत पहिल्या ओळीत कळतं. आरसीत ते दुसऱ्या परिच्छेदातल्या एका 'तथापि'मागे दडलेलं असतं. म्हणून नावडता विषय घ्या: पेशीविज्ञान, कामगार चळवळीचा इतिहास, व्याजदर. ३०० शब्दांचा तुकडा, तीन मिनिटं. प्रत्येक परिच्छेदानंतर मनात एकच ओळ: लेखक इथे काय *करतोय*? जुनं मत सांगतोय, खोडतोय, की पुरावा देतोय? तपशील लक्षात ठेवायचा नाही, तो कुठे आहे एवढंच. रोज चार तुकडे.

तर्कट
मग हेच अधिकृत उताऱ्यांवर करा की! बाहेरचं कशाला?

वाचनवेडा
कारण अधिकृत प्रश्न मोजकेच आहेत. वाचायला शिकण्यात ते संपवले तर शेवटच्या महिन्यात सरावाला उरणार काय? मोफत मॉकही दोनच. तेच पुन्हा दिलं की ओळखीच्या प्रश्नांमुळे गुण फुगतात.

मोजूनमापून
दोघंही रोग न तपासता औषध देताय. आधी हे करा. २३ प्रश्न, ४५ मिनिटं, टायमर लावून. सोडवताना ज्या उत्तराबद्दल शंका वाटली त्यावर खूण. वेळ संपली की उत्तरपत्रिका *न बघता* खुणेचे सगळे प्रश्न निवांत पुन्हा सोडवा, दुसरं उत्तर शेजारी लिहा. मग तपासा.

पहिलं चूक, दुसरं बरोबर: अडचण वेगाची, वाचनवेड्यांचं ऐका. दोन्ही चूक: तर्काची, तर्कटांचं ऐका. आणि खूण न करता, छातीठोक चुकलेले प्रश्न? तेच सगळ्यात महाग, कारण परीक्षेत त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही. एका संचावरून निष्कर्ष काढू नका, किमान तीन करा.

शब्दशः
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. मराठीत विचार करणाऱ्यांची सीआरमधली घसरण बऱ्याचदा नकारात आणि 'काही'मध्ये असते. 'सगळे आले नाहीत' याचे मराठीत दोन अर्थ होतात: कुणीच आलं नाही, किंवा काही आले, काही नाही. परीक्षेत 'सगळे' याचा नकार फक्त 'सगळे नाहीत', म्हणजे निदान एक तरी वगळला. 'काही'चा नकार 'एकही नाही'. आणि आपण 'काही' म्हटलं की 'सगळे नाहीत' हे गृहीत धरतो, तिथे मात्र 'काही' म्हणजे किमान एक, सगळेसुद्धा चालतात.

हे चुकलं की गृहीतकाच्या प्रश्नातली उलटवून पाहण्याची युक्ती (पर्यायाचा नकार केल्यावर निष्कर्ष कोसळला तर तेच गृहीतक) अंगावर येते. उदाहरण: *एका शहराने बसभाडं निम्मं केलं, प्रवासी वाढले. म्हणून रस्त्यावरच्या गाड्या कमी झाल्या असणार.* हे कोणत्या गृहीतकावर उभं आहे? पर्याय:

क) भाडं हाच बस न वापरण्यामागचा मुख्य अडसर होता.
ख) नव्या प्रवाशांपैकी काही जण आधी गाडीने जात होते.
ग) भाडेकपातीने पालिकेला तोटा झाला नाही.

ख उलटवा: नव्यांपैकी एकही जण गाडीने जात नव्हता, सगळे पायी किंवा सायकलवर. निष्कर्ष कोसळला, म्हणून ख. बहुतेक जण मोहात पडतात ते क च्या. पण उलटवलं, 'भाडं मुख्य नव्हे, दुय्यम अडसर होता', तरी युक्तिवाद उभाच राहतो. 'मुख्य' हा एक शब्द त्याला मारतो. ग चा निष्कर्षाशी संबंधच नाही.

तर्कट
वा! हीच ती चिरफाड. पण परीक्षेतले पाचही पर्याय उलटवत बसू नका, वेळ जातो. आधी तीन उडवा, उरलेल्या दोनांवरच.

नवखा२६
वेळेचं कुणी सांगेल का? आणि शेवटी तीन उत्तरं बदलता येतात, त्यासाठी किती मिनिटं राखावीत?

मोजूनमापून
८ प्रश्न संपताना ३० मिनिटं उरायला हवीत, १६ संपताना १६. मात्र उताऱ्याच्या पहिल्या प्रश्नावर घड्याळ बघू नका. वाचनाची अडीच-तीन मिनिटं त्याच प्रश्नाच्या खात्यावर पडतात आणि उगाच धडकी भरते. उतारा पूर्ण झाल्यावर बघा. बदलांसाठी तीन मिनिटं राखा.

वाचनवेडा
तीन मिनिटं राखायची म्हणजे प्रत्येक प्रश्नातून जवळपास आठ सेकंद कापायचे. मी एकही राखणार नाही.

तर्कट
प्रथमच वाचनवेड्यांशी सहमत, नोंद घ्यावी! वेळ उरलीच तर खूण सीआरवर करा, आरसीवर नको. आरसीकडे परतलात की उतारा पुन्हा डोक्यात भरायलाच दीड मिनिट जातं.

मोजूनमापून
खूण सीआरवर, मान्य. राखीव वेळ मी सोडत नाही. ती फक्त बदलासाठी नाही. कोऱ्या प्रश्नाला दंड आहे, आणि शेवटचा उतारा २०व्या प्रश्नाला समोर आला तर तीच तीन मिनिटं वाचनाला लागतात.