मुख्याध्यापकांच्या नेतृत्वावर पीएचडी: १२ शाळा पुरतील का?

खडूफळा: शालेय नेतृत्व आणि शैक्षणिक बदल याच विषयात पुढे संशोधन-अध्यापन करायचं आहे. पीएचडीसाठी १२ शाळा, प्रत्येकी २० शिक्षक, म्हणजे २४० जणांची प्रश्नावली योजली आहे. मुख्याध्यापकांच्या नेतृत्वाने विद्यार्थ्यांचे गुण वाढतात का, हा प्रश्न. यात कुठे अडेल?

समास: २४० हा आकडा फसवा आहे. नेतृत्व शाळेच्या पातळीवर मोजलं जातं, त्यामुळे मुख्य चलासाठी, म्हणजे ज्याचा परिणाम बघायचा त्या घटकासाठी, तुमचा नमुना १२ च. शिवाय एका शाळेतल्या शिक्षकांची उत्तरं एकमेकांसारखी असतात. हे साम्य, म्हणजे शाळांतर्गत सहसंबंध, ०.२ धरलं तर १ + (१९ × ०.२) = ४.८, २४० ला त्याने भागलं की उरते ५० स्वतंत्र शिक्षकांइतकीच माहिती. शाळा वाढवा, शिक्षक कमी करा: ६० शाळा, प्रत्येकी ६ ते ८. तेवढ्या शाळा मिळणार नसतील तर गुणांचा नाद सोडा आणि ३-४ शाळांत बदल नेमका घडतो कसा, ते बघा.

गुणांशी थेट संबंध जोडू नका. नेतृत्वाचा परिणाम बहुतेक वेळा शिक्षकांमार्फत पोचतो. त्यांचा आपसातला विश्वास, वर्गातलं अध्यापन हे मधले दुवे मोजलेच नाहीत, तर नेतृत्वाने काही फरक पडत नाही असं वाटायला लागतं. आधीच्या वर्षाचे गुणही हवेतच; निकाल चांगला असला की मुख्याध्यापकही चांगले वाटतात!

पाटीपेन्सिल: स्वतःची प्रश्नावली रचत बसू नका. शालेय नेतृत्वाचे अभ्यासक फिलिप हॅलिंजर यांची मुख्याध्यापकांचं नेतृत्व मोजणारी १९८० च्या दशकातली मापनश्रेणी (तयार प्रश्नावली) आहे: १० कार्यं, ५० विधानं. वापरायला परवानगी घ्या. भाषांतर दोघांकडून वेगवेगळं करून घ्या, तिसऱ्याकडून परत मूळ भाषेत उलट भाषांतर, मग ८-१० शिक्षकांना प्रत्येक विधानाचा अर्थ मोठ्याने सांगायला लावा. घोटाळे तिथेच सापडतात. उत्तरं शिक्षकांकडून घ्या. मुख्याध्यापक स्वतःला सहसा जास्त गुण देतात. आणि नेतृत्वाबद्दल व कामातल्या समाधानाबद्दल एकाच शिक्षकाला विचारलंत तर सहसंबंध फुगतो. निम्म्यांना एक भाग, निम्म्यांना दुसरा.

तळटीप: बदल अभ्यासायचा तर एकदाच मोजून भागत नाही, निदान तीन वेळा मोजा. नवी पद्धत आली की सुरुवातीला कामगिरी घसरते. शैक्षणिक बदलाचे अभ्यासक मायकेल फुलन यांनी यावर बरंच लिहिलंय. पहिल्या सहा महिन्यांत मोजून थांबलात, तर ती घसरगुंडीच निष्कर्ष ठरेल.

करिअरचं म्हणाल तर साहित्य-आढाव्याचा (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारा) लेख माहिती गोळा करण्याआधी पाठवा. प्रत्येक शाळेला दोन पानी अहवाल द्या, पुढच्या प्रकल्पाला तीच दारं उघडी राहतात. मात्र ३-४ शाळांत नाव बदलून मुख्याध्यापक लपत नाहीत. शिक्षक वाक्यावरून ओळखतात. अहवालात अवतरणं नकोत.

खडूफळा: मधेच मुख्याध्यापकांची बदली झाली तर?

समास: ती शाळा वगळू नका. बदलीची तारीख नोंदवा, नव्या मुख्याध्यापकांची मोजणी वेगळी ठेवा. माणूस गेल्यावर बदल टिकतो का, हे अशाच शाळांत कळतं.